सुट्टीची गर्दी अचानक येत नाही: हॉटेलचालकांना खुले पत्र

प्रति,
सुट्ट्यांच्या हंगामात कुटुंबांना खोल्या देणारे हॉटेलमालक, व्यवस्थापक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांच्या दिवसांत हॉटेलात काहीही बिघडले की पाहुण्याला बहुधा एकच उत्तर मिळते: ‘सध्या गर्दी आहे, समजून घ्या.’ खोली ठरलेल्या वेळी मिळाली नाही तरी हेच उत्तर, तान्ह्या मुलासाठी सांगून ठेवलेला पाळणा सापडत नसला तरी हेच, आणि सकाळी नळाला गरम पाणी आले नाही तरी हेच. हे पत्र मी या उत्तराला हरकत घेण्यासाठी लिहीत आहे.

सुट्ट्यांच्या तारखा दिनदर्शिकेत आधीच छापलेल्या असतात. कोणत्या रात्री किती खोल्या गेल्या, त्यांत मोठी माणसे किती आणि मुले किती, कोणी पाळणा मागितला आहे, कोणाला जिना चढता येत नाही, हे सारे आपल्या बुकिंगच्या यंत्रणेत कित्येक दिवस, अनेकदा कित्येक आठवडे आधी नोंदलेले असते आणि पुष्कळांनी आगाऊ रक्कमही भरलेली असते. एवढेच नव्हे, तर याच माहितीच्या आधारे आपण त्या रात्रींचे दर वाढवलेले असतात. जी गर्दी दर ठरवताना आपल्याला इतकी स्पष्ट दिसते, तीच गर्दी पाहुणे दारात येऊन उभे राहिल्यावर सबब कशी होऊ शकते, हा माझा प्रश्न आहे.

या हंगामात आमच्या घरातील तीन पिढ्यांची माणसे एका हॉटेलात राहायला गेली होती. त्या हॉटेलचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एका इमारतीपुरती नाही. आमच्यात गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना चढू न शकणाऱ्या माझ्या सासूबाई होत्या, रात्री आईवडिलांपासून वेगळी झोपू न शकणारी लहान मुले होती, आणि वर्षभरात मोठ्या मुश्किलीने एकाच वेळी रजा मिळवलेली आम्ही कमावती माणसे होतो. बुकिंग करतानाच आम्ही आमच्या गरजा लेखी कळवल्या होत्या: एकीतून दुसरीत जाता येईल असे आतून दार असलेल्या दोन खोल्या, त्याही खालच्या मजल्यावर, आणि एक पाळणा. ‘आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे’ असे उत्तरही आले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा चेक-इनची वेळ उलटून गेली होती, तरीही स्वागतकक्षासमोर आमच्यासारखीच कितीतरी कुटुंबे सामानावर बसून होती. खोल्या मिळेपर्यंत अंधार पडला, आणि मिळाल्या त्या वेगवेगळ्या मजल्यांवर. दोनपैकी एक लिफ्ट बंद होती, आणि ती आदल्या आठवड्यापासूनच बंद असल्याचे सामान उचलणाऱ्या मुलाकडून कळले. पाळणा दुसऱ्या कुटुंबाला दिला गेला होता. त्याऐवजी आलेली जादा गादी अशा जागी अंथरावी लागली की खोलीचे दार अर्धेच उघडत होते. रात्री अचानक बाहेर पडण्याची वेळ आली असती तर काय झाले असते, हा विचार मला झोप लागेपर्यंत सोडत नव्हता.

पुढचे दिवसही याच वळणाने गेले. सकाळी लवकर उठणाऱ्यांना गरम पाणी मिळे आणि मुलांना आंघोळ घालायच्या वेळी ते संपलेले असे. मुले ज्याची वाट पाहत होती तो पोहण्याचा तलाव देखभालीसाठी बंद होता. नाश्त्याच्या दालनात सासूबाईंना बसायला खुर्ची मिळावी म्हणून आमच्यापैकी कोणीतरी आधी जाऊन रांगेत उभे राहत असे. कुटुंब एकत्र राहावे म्हणून काढलेल्या सहलीत आम्ही बहुतेक वेळ दोन मजल्यांवर विभागलेलो होतो. एक जण मुलांजवळ आणि एक जण सासूबाईंजवळ, असेच आमचे दिवस गेले.

यातील एकेक गोष्ट वेगळी घेतली तर ती सहन करता येण्यासारखी आहे. यंत्रे बिघडतात, तलावाची दुरुस्ती कधीतरी करावीच लागते, हे कोणत्याही समंजस माणसाला कळते. मला जे क्षम्य वाटत नाही ते असे की यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट हॉटेलला आम्ही निघण्यापूर्वी माहीत होती. लिफ्ट बंद होती हे माहीत होते, तलाव बंद होता हे माहीत होते, पाळणे किती आणि ते मागणारी कुटुंबे किती हे माहीत होते. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक रक्कम भरण्याची आठवण करून देणारा संदेश मात्र वेळेवर आला. त्याच संदेशात लिफ्टविषयी एक ओळ असती तर आम्ही सासूबाईंसाठी दुसरी व्यवस्था पाहिली असती, निदान त्यांना विचारून निर्णय घेतला असता. तो निर्णय घेण्याची संधीच आम्हाला दिली गेली नाही. पैसे परत मिळण्याची मुदत उलटल्यानंतर आणि माणसे दारात आल्यानंतर सत्य सांगणे, हे न सांगण्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

आता गर्दीच्या सबबीकडे वळते. मागणी पाहून दर बदलण्याची पद्धत हॉटेल व्यवसायाने विमान कंपन्यांकडून घेतली. अमेरिकेत १९७८ साली विमानसेवेवरील सरकारी नियंत्रण हटवणारा कायदा झाला, त्यानंतरच्या दशकात विमान कंपन्यांनी आसनांच्या मागणीचा अंदाज बांधून भाडी ठरवण्याचे तंत्र विकसित केले, आणि मोठ्या हॉटेल साखळ्यांनी लवकरच ते उचलले. रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते, त्यामुळे या तंत्रामागचा व्यवहार मला समजतो आणि त्याला माझा विरोधही नाही. मात्र या तंत्राचा सगळा डोलारा अंदाजावर उभा आहे. कोणत्या रात्री हॉटेल भरणार हे आधी कळल्याशिवाय दर वाढवता येत नाहीत. मग जो अंदाज दर वाढवण्यासाठी विश्वासार्ह ठरतो, तोच अंदाज सफाईची माणसे, चादरी आणि पाळणे वाढवण्यासाठी का वापरला जात नाही?

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिच्यात आहे. हॉटेल किती भरले हे आपण खोल्यांवर मोजता, माणसांवर नाही. समजा, शंभर खोल्यांचे हॉटेल एरवी पूर्ण भरले तेव्हा त्यात दीडशे माणसे असतात, कारण कामानिमित्त फिरणारा माणूस बहुधा एकटा असतो. तेच हॉटेल सुट्टीत पूर्ण भरले की प्रत्येक खोलीत आईवडील आणि मुले मिळून तीन-चार माणसे येतात, आणि संख्या साडेतीनशेवर जाते. नोंदवहीत दोन्ही रात्री ‘शंभर टक्के’ असेच लिहिले जाते. पण गरम पाण्याची टाकी, लिफ्ट, नाश्त्याच्या दालनातील खुर्च्या आणि टॉवेल यांच्यावर पडणारा भार दुपटीहून अधिक झालेला असतो. शिवाय सुट्टीवर आलेली कुटुंबे साधारण एकाच वेळी उठतात, एकाच वेळी आंघोळी उरकतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात, त्यामुळे हा भार दिवसभर विखुरला न जाता सकाळच्या दोन तासांत एकवटतो.

खोली उशिरा मिळण्यामागचे गणितही असेच सरळ आहे. पाहुणे अकरा वाजता खोली सोडणार आणि नवे दोन वाजता येणार असे धरले, तर मध्ये तीन तास उरतात. रिकामी झालेली खोली पूर्ण साफ करून, चादरी बदलून, न्हाणीघर घासून नव्या पाहुण्यासाठी लावायला अर्धा तास लागतो असे कमीत कमी धरले, तर एक माणूस त्या वेळेत सहा खोल्या तयार करू शकतो. एरवी रोज हॉटेलातील काही भागच रिकामा होतो, आणि राहत्या पाहुण्यांच्या खोल्या झटपट आवरता येतात. सुट्ट्यांच्या हंगामात मात्र एखाद्या दिवशी निम्म्याहून अधिक हॉटेल एकाच सकाळी रिकामे होऊन त्याच दुपारी पुन्हा भरायचे असते. साठ खोल्या बदलायच्या असतील तर दहा माणसे हवीत, आणि आपल्याकडे पाच असतील तर शेवटच्या खोल्या पाच वाजण्यापूर्वी तयार होणार नाहीत. हे सांगायला अनुभवी व्यवस्थापकाची गरज नाही, कागदावरची बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे. त्यात धुलाईखान्यातून चादरी वेळेवर आल्या नाहीत तर झाडून पुसून तयार असलेल्या खोल्याही अडून राहतात. अशा दिवशी दोन वाजताची वेळ पाहुण्याला लेखी देणे म्हणजे जे घडणार नाही हे ठाऊक आहे त्याचे आश्वासन देणे होय.

शेजारच्या खोल्या किंवा आतून दार असलेल्या खोल्या यांचा प्रश्न तर कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. पाहुण्यांना वाटते की आपण एक विशिष्ट खोली घेतली. प्रत्यक्षात आपली यंत्रणा बहुतेक वेळा खोलीचा प्रकार विकते, खोली नव्हे. कोणत्या पाहुण्याला कोणती खोली द्यायची हे येण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठरते, आणि गर्दीच्या दिवशी ते जो आधी पोहोचेल त्याच्या सोयीने बदलत जाते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असलेली कुटुंबे वाटेत थांबत थांबत येतात आणि उशिरा पोहोचतात. म्हणजे ज्यांची गरज सर्वांत अधिक, त्यांच्या वाट्याला उरलेल्या खोल्या येतात. आतून दार असलेल्या खोल्यांची संख्या इमारत बांधली तेव्हाच ठरलेली असते, ती गर्दीने घटत नाही. तेवढ्याच कुटुंबांना हो म्हणावे आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला स्पष्ट नाही म्हणावे. ‘विनंतीची नोंद घेतली आहे’ हे वाक्य वाचून आई निर्धास्त होते, आणि लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक असते की त्याने काहीही कबूल केलेले नाही. असे वाक्य कुटुंबांना पाठवणे आपण बंद करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

क्षमतेपेक्षा अधिक खोल्या विकण्याची प्रथा, म्हणजे ओव्हरबुकिंग, हा याच स्वभावाचा पुढचा टप्पा आहे. काही पाहुणे येणार नाहीत किंवा ऐनवेळी रद्द करतील असे गृहीत धरून ती केली जाते. विमान कंपन्याही हेच करतात, पण तिथे निदान काही ठिकाणी कायद्याने प्रवाशाच्या बाजूने भिंत उभी केली आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार आसने कमी पडली तर कंपनीने आधी स्वेच्छेने मागे राहणारे प्रवासी शोधायचे असतात, आणि ते पुरेसे न मिळाल्यास इच्छेविरुद्ध मागे ठेवलेल्या प्रवाशाला ठरलेली भरपाई आणि प्रतीक्षेच्या काळातील सोयी द्याव्या लागतात. त्याच नियमात लहान मुले एकटी प्रवास करीत असतील तर त्यांना, आणि अपंग किंवा हालचालीला मर्यादा असलेल्या प्रवाशांना, प्राधान्य देण्याची तरतूद आहे. हॉटेलांमध्ये खोली नसेल तर जवळच्या दुसऱ्या हॉटेलात सोय करून तिथवर पोहोचवण्याची आणि त्या रात्रीचा खर्च सोसण्याची चांगली रीत आहे, पण ती रीतच आहे. पाळणारे पाळतात, न पाळणाऱ्यांना विचारणारे फारसे कोणी नसते. आपल्या संघटनांनी ही रीत लेखी आणि सार्वजनिक करावी, आणि मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे बरोबर असलेल्या कुटुंबाला रात्री दुसरीकडे पाठवले जाणार नाही असे त्यात नमूद करावे.

जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ साली स्वीकारलेल्या पर्यटनाच्या आचारसंहितेत पर्यटन व्यावसायिकांवर एक कर्तव्य सोपवले आहे: प्रवासाच्या आणि राहण्याच्या परिस्थितीविषयी प्रवाशांना वस्तुनिष्ठ आणि प्रामाणिक माहिती देणे, आणि आपल्याकडून करार एकतर्फी मोडला गेल्यास काय भरपाई मिळेल हे समजेल अशा भाषेत आधी सांगणे. माझ्या या पत्रातील मागण्या याहून फार पुढे जात नाहीत.

इथे स्वागतकक्षातील मुलीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. त्या संध्याकाळी तिच्यासमोर चिडलेल्या माणसांची रांग होती, ती सकाळपासून उभी होती, आणि तिच्या हातात निर्णय घेण्याचा कोणताही अधिकार नव्हता. खोली बदलून देण्यासाठी तिला कोणाला तरी फोन करावा लागत होता आणि तो फोन उचलला जात नव्हता. लोक तिच्यावर आवाज चढवत होते, आणि ज्यांनी माणसे न वाढवता सर्व खोल्या विकण्याचा निर्णय घेतला ते तिथे नव्हते. रात्री उशिरा आमच्या खोलीत स्वच्छ चादरी घेऊन आलेल्या बाईंची कामाची पाळी केव्हाच संपली होती, तरी त्यांनी गादी दारापासून सरकवण्यासाठी मला जड टेबल हलवायला मदत केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९१ साली हॉटेल व उपाहारगृहांतील कामगारांसाठी स्वतंत्र करार केला, त्यात वाजवी कामाचे तास, पुरेशी विश्रांती आणि सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा योग्य मोबदला यांचा उल्लेख आहे. हंगामातील वाढीव दराचा किती हिस्सा या माणसांपर्यंत पोहोचतो, हे आपण स्वतःला विचारावे. पुरेशी माणसे नेमणे हे पाहुण्यांसाठी जितके उपकारक आहे, त्याहून अधिक ते कर्मचाऱ्यांप्रती आपले कर्तव्य आहे.

आम्हा पाहुण्यांची बाजू निष्कलंक आहे असे मी म्हणत नाही. अनेक जण एकाच तारखेला दोन-तीन हॉटेलांत खोल्या अडवून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी नको त्या सोडतात. खोलीत सांगितल्याहून अधिक माणसे घेऊन येणारेही असतात. यामुळे आपला अंदाज चुकतो हे खरे आहे, आणि अशा वागण्याला आळा घालणारे नियम आपण केले तर माझ्यासारखे लोक त्यांना पाठिंबाच देतील. पण ज्या कुटुंबाने माणसांची खरी संख्या सांगितली, पैसे वेळेवर भरले आणि आपल्या गरजा लेखी कळवल्या, त्याने इतरांच्या वागण्याचा भुर्दंड का सोसावा?

परत आल्यावर आम्ही हॉटेलला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर सौजन्यपूर्ण होते. त्यात गर्दीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला होता आणि पुढच्या मुक्कामासाठी सवलतीचे कूपन दिले होते. ते कूपन गर्दीच्या दिवसांत चालणार नव्हते, म्हणजे ज्या दिवसांत मुलांना सुट्टी असते आणि आम्हाला रजा मिळते नेमक्या त्या दिवसांत. कुटुंबाची सुट्टी पुन्हा मांडता येत नाही हे आपल्या व्यवसायाने लक्षात घेतले पाहिजे. सासूबाईंचे गुडघे पुढच्या वर्षी याहून चांगले असतील असे नाही, आणि मुले पुढच्या वर्षी याच वयाची नसतील. जी सेवा दिली गेली नाही तिचे पैसे परत करणे एवढाच सरळ मार्ग आहे, आणि तो पाहुणा हॉटेल सोडण्यापूर्वी, बिलातच, कोणत्याही पत्रव्यवहाराशिवाय उपलब्ध असला पाहिजे.

म्हणून माझे मागणे असे आहे. सर्व खोल्या विकण्यापूर्वी त्या रात्री प्रत्यक्ष किती माणसे येणार ते मोजा, आणि पाणी, लिफ्ट व कामाची माणसे त्यांना पुरणार नसतील तर काही खोल्या विकू नका. त्या न विकल्याने बुडणारे उत्पन्न वाढीव दरातून निघते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ज्या दिवशी हॉटेलचा मोठा भाग रिकामा होऊन भरायचा आहे त्या दिवसासाठी चेक-इनची खरी वेळ कळवा, मग ती संध्याकाळी पाचची का असेना. ती आधी कळली तर आम्ही उशिरा निघू. पाहुणे निघण्यापूर्वी, रद्द करून पैसे परत घेण्याची मुदत शिल्लक असताना, बंद असलेल्या प्रत्येक सोयीची माहिती पाठवा. आणि सुट्टीच्या प्रत्येक संध्याकाळी, खोली बदलण्याचा आणि पैसे परत करण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती स्वागतकक्षात प्रत्यक्ष हजर ठेवा.

पुढच्या मोठ्या सुट्ट्यांचे बुकिंग आपल्यापैकी अनेकांनी सुरू केले असेल, किंवा लवकरच होईल. यातील कोणत्या गोष्टी आपण त्या हंगामापासून करू शकता आणि कोणत्या करू शकत नाही, हे आपल्या संघटनांनी जाहीरपणे लिहून कळवावे अशी विनंती आहे. जे शक्य नाही तेही कळवावे, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे ठरवू.

कळावे,

आपली,
सहकुटुंब प्रवास करणारी एक गृहिणी व नोकरदार स्त्री